एअर फिल्टर घरी बदलताय? आधी रबरी कड बघा

सर्व्हिसिंगला दिलं की एअर फिल्टरचे आणि तो बसवण्याचे असे दोन्ही पैसे लागतात. माझी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. हे काम घरी जमेल का? (फलटण)

जमेल. अशा बहुतेक गाड्यांमध्ये पंधरा मिनिटांत होतं. इंजिन बंद करून गार होऊ द्या. बोनेट उघडल्यावर इंजिनाकडे जाणारा जाड रबरी पाइप दिसेल. त्याच्या मागावर गेलात की काळा प्लॅस्टिकचा डबा सापडतो. त्याचं झाकण स्टीलच्या क्लिपांनी बसवलेलं असतं, काही गाड्यांत स्क्रूंनी. उघडण्याआधी झाकण ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर वरची धूळ आत पडते. जुना फिल्टर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे वरची बाजू कोणती हा घोळ होत नाही. सेन्सरची वायर असेल तर झाकण फक्त वायर पुरेल इतकंच उचला. डब्याच्या तळाची माती आणि पाचोळा पुसून घ्या.

आता खरं काम. फिल्टरच्या भोवतीची रबरी कड खाचेत चारही बाजूंनी बसली का, ते बोट फिरवून बघा. झाकणाच्या मागच्या बाजूला बहुधा जिभा असतात. त्या आधी खोबणीत सरकवायच्या आणि मग क्लिपा लावायच्या. क्लिप दाबायला जोर लागत असेल तर थांबा, झाकण तिरकं बसलंय.

मी यावर इतका भर देतो त्याला कारण आहे. माझीच गाडी एकदा सर्व्हिसिंगहून आली, फिल्टर नवा कोरा होता. चार महिन्यांनी डबा उघडला तर मागची एक जीभ खोबणीबाहेर. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या पाइपात बोट फिरवलं आणि ते पिठासारख्या तांबूस धुळीने माखून निघालं. ती धूळ चार महिने इंजिनात जात होती. रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासतात, मग इंजिन ऑइल खायला लागतं. घासलेला सिलिंडर पुन्हा भरून येत नाही. नीट बसलेला मळका फिल्टर परवडला, फट राहिलेला नवा नको.

पंक्चरवाल्याकडे हवा मारून फिल्टर साफ करतो. चालतं ना? (अहिल्यानगर)

तिथल्या कॉम्प्रेसरचा दाब फिल्टरच्या घड्या घातलेल्या कागदाला सोसत नाही, आणि बाहेरून आत हवा मारली तर धूळ घड्यांमध्ये आणखी रुतते. फिल्टर हलकेच आपटून झटका. हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, लांबून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. मग तो उजेडासमोर धरा. कुठे टाचणीएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकून द्या. पाण्याने धुऊ नका. काही फिल्टर तेलात भिजवलेल्या कागदाचे असतात. त्यांना हवाही मारायची नाही, थेट बदलायचे.

आणि सारखा सारखा डबा उघडू नका. थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो. दरवेळी उघडण्यात कड सरकण्याचा धोका वेगळाच.

नवा फिल्टर टाकूनही अॅव्हरेज होतं तेवढंच आहे. फिल्टर डुप्लिकेट असेल का? (चंद्रपूर)

अॅव्हरेजवरून ते ठरत नाही. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण वाढायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर तुंबला की पिकअप पडतो, अॅव्हरेज फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या चाचण्यांतही हेच दिसलं. डुप्लिकेटची शंका असेल तर रबरी कड बघा. ती कडक, वेडीवाकडी किंवा खाचेत सैल असेल तर तो फिल्टर वापरू नका.

ऊसतोडणीच्या हंगामात रोज कच्च्या रस्त्याने जातो. किती किलोमीटरला बदलू? (लातूर)

गाडीच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं वेळापत्रक असतं, ते धरा. डांबरी रस्त्याचा आकडा तुमच्यासाठी नाही. हंगाम संपल्यावर एकदा उघडून बघाच. घड्यांच्या तळापर्यंत माती भरली असेल तर किलोमीटर न मोजता बदला.

ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर बदलला, तोच ना हा? (डोंबिवली)

नाही. तो एसीचा, तुमच्या श्वासासाठी. इंजिनाचा बोनेटखाली असतो.

महिनाभर गाडी उभी होती. डब्यात टरफलं आणि चिंध्या निघाल्या. साफ करून चालू करू का? (कुडाळ)

लगेच नको. उंदराने घरटं केलंय, म्हणजे फिल्टरही कुरतडला असणार. तो बदलाच. मास्क आणि हातमोजे घाला, आतली घाण कोरडी न झाडता फिनाइलच्या पाण्याने ओली करून पुसा. पुढचा रबरी पाइप सोडवून आत चिंधी अडकली नाही ना, ते टॉर्चने बघा. वायरीही तपासा. उंदीर हवा घेण्याच्या तोंडातून शिरतात. तिथे पाव इंची भोकांची मजबूत लोखंडी जाळी घट्ट बसवता येते, फक्त ती सुटून आत जाणार नाही अशी पक्की बांधा आणि पावसाळ्यात तिच्यावर चिकटलेली पानं काढत चला.