इराणी मालिका ‘शहरज़ाद’ लोकांना एवढी का आवडली?

माझ्या मते सगळं श्रेय कबाद या पात्राला. वरवर कथा घासूनगुळगुळीत: 1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देग यांचं सरकार उलथलं जातं, पत्रकार फरहादला फाशीची शिक्षा होते, तो सुटतो, पण त्याची प्रेयसी शहरज़ाद बलाढ्य बुजुर्ग आकाच्या हुकमाने कबादची दुसरी बायको होते. कशासाठी, तर वारस हवा म्हणून! हा कबाद आकाचा पुतण्या आणि जावईही. सुरुवातीला त्याचा राग येतो. मग तो तिच्यावर खरंच जीव लावतो, पण सासऱ्यापुढे ब्र काढत नाही, आणि आपण चक्क त्याच्या बाजूने होतो. शहाब होसैनीने काम झकास केलंय. शिवाय ही मालिका सरकारी टीव्हीवर नव्हती. लोक डिस्क विकत घेऊन बघायचे. तिसरा सीझन मात्र ताणलाय.