हनोईत पहिल्यांदाच कॉफी शोधताय?

स्वागत! सुरुवातीला एवढंच पाहा.

इथली कॉफी मुख्यतः रोबस्टा जातीची: कडू, दाट, आणि कॅफिन अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट. म्हणून पहिल्या दिवशी दोनच कप. रिकाम्या पोटी तर नकोच, हात थरथरतात.

मागायचं काय?
- नाऊ दा: बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क घातलेली. सायगावात हिलाच सुआ दा म्हणतात.
- देन दा: काळी, बर्फाची. बरेचदा साखर आधीच असते, नको असेल तर ‘खोंग दुआंग’ म्हणा.
- बाक सिऊ: दूध जास्त. कडू झेपत नसेल तर इथूनच सुरू करा.

फिन (थेंब-थेंब कॉफी गाळणारी धातूची छोटी गाळणी) पेल्यावर ठेवून आणला तर घाई करू नका, चार-पाच मिनिटं थेंब पडू द्या. मग तळाचं दूध चमच्याने पूर्ण वर आणा आणि त्यानंतरच बर्फ ओता. नवखे नेमके इथेच चुकतात: आधी बर्फ घातला की दूध तळाशी घट्ट बसतं, वरचे घोट कडू आणि शेवटचा नुसता पाक.

अंड्याची कॉफी गरमच घ्या. वाटी गरम पाण्यात ठेवून देतात ती त्यासाठीच. गार झाली की बलकाचा वास येतो. ती प्यायला ग्यांग कॅफे, ३९ न्गुयेन हू हुआन, १९४६ पासूनचं. दार अरुंद बोळात आहे, बिनधास्त आत शिरा! जुन्या भागातली कितीतरी छान दुकानं अशीच आत दडलेली आहेत.

बाजारातली स्वस्त ‘चोन’ कॉफी, म्हणजे उदमांजराची, घेऊ नका. बहुतेक नकली असते. सोन ला किंवा दा लातची अरेबिका, भाजल्याची तारीख बघून घ्या.