कॉलम क्षणात वाढतो, मग साइट चार मिनिटं का अडकली?

तुमचा प्रश्न थोडक्यात: पोस्टग्रेस 15 डेटाबेस, सुमारे 5 कोटी रोंचं (ओळींचं) टेबल, त्यात डिफॉल्टसह एक कॉलम वाढवला. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) काही मिलिसेकंदांत झालं, प्रॉडक्शनवर (खऱ्या साइटवर) मात्र 4 मिनिटं सगळ्या रिक्वेस्ट लटकल्या.

टेबलाच्या आकाराला बोल लावू नका. आवृत्ती 11 पासून स्थिर डिफॉल्टचा कॉलम टाकताना टेबल नव्याने लिहिलं जात नाही, कॅटलॉगात (टेबलांच्या रचनेची माहिती ठेवणाऱ्या आतल्या तक्त्यांत) फक्त नोंद होते. (प्रत्येक रोला वेगळा येणारा डिफॉल्ट, उदाहरणार्थ रॅन्डम यूयूआयडी, असेल तर अजूनही अख्खं टेबल लिहिलं जातं.) वेळ गेला तो लॉकची वाट बघण्यात.

कॉलम वाढवणाऱ्या या 'ऑल्टर टेबल' कमांडला अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (टेबल पूर्णपणे स्वतःसाठी अडवणारं कुलूप) लागतं आणि त्याचं साध्या सिलेक्टशीही (नुसतं वाचणाऱ्या क्वेरीशीही) जमत नाही. समजा, एखादा रिपोर्ट त्याच टेबलावर 4 मिनिटांची क्वेरी चालवतोय. ऑल्टर त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. खरी गोम पुढे आहे: नंतर आलेले सिलेक्ट, जे रिपोर्टबरोबर सुखाने चालले असते, तेही आता ऑल्टरच्या मागे अडकतात. बघता बघता कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडण्यांचा मर्यादित साठा) भरतो आणि त्या टेबलाशी काही संबंध नसलेली पानंही पडतात. स्टेजिंगवर रांगेत पुढे कुणी नसतंच.

म्हणून मायग्रेशनच्या (टेबलाची रचना बदलण्याच्या कामाच्या) सेशनपुरता लॉक टाइमआउट 2 सेकंद ठेवा. तेवढ्यात लॉक मिळालं नाही तर ऑल्टर एरर देऊन बाजूला होईल, मागची रांग मोकळी होईल. 15-20 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा. हे काम स्टेटमेंट टाइमआउटवर सोडू नका, त्यात प्रत्यक्ष कामाचा वेळही मोजला जातो.

पाच-सहा प्रयत्न फुकट गेले, तर ऑल्टर वाट बघत असतानाच दुसऱ्या सेशनमधून पीजी_ब्लॉकिंग_पिड्स (कोण अडवतंय ते सांगणारं फंक्शन) चालवा आणि आलेले पिड (प्रोसेस क्रमांक) पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू सेशनच्या यादीत) शोधा. बऱ्याचदा तिथे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सापडतं: कोडने बिगिन केलं, एक सिलेक्ट मारला आणि ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या एपीआयच्या उत्तराची वाट बघत बसला. ते सेशन मारून आज सुटाल, पण कोड दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या मायग्रेशनला पुन्हा हेच. साधा ऑटोव्हॅक्यूम (जुन्या, निकामी रो आपोआप साफ करणारं काम) आड आला तर तो आपणहून माघार घेतो. रॅपअराउंड (ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपून पुन्हा सुरुवातीला येणं) टाळण्यासाठी चाललेला घेत नाही, तो संपू द्या.

आणखी एक खड्डा. लॉक कमिटपर्यंत सुटत नाही. तुमचं मायग्रेशन टूल सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळत असेल आणि ऑल्टरनंतर त्यातच जुन्या रोंचा अपडेट असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत टेबल बंद. असा अपडेट वेगळा काढा, 5-10 हजार रोंच्या तुकड्यांत चालवा आणि प्रत्येक तुकड्याला कमिट करा.

असलेल्या कॉलमवर नॉट नल (रिकामी किंमत चालणार नाही अशी अट) लावायचं असेल तर आधी त्याच अटीचा 'नॉट व्हॅलिड' (जुन्या रो लगेच न तपासणारा) चेक कन्स्ट्रेंट टाका, मग वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये व्हॅलिडेट करा; त्या वेळी वाचन-लेखन चालू राहतं. त्यानंतरचा सेट नॉट नल आवृत्ती 12 पासून टेबल पुन्हा चाळत नाही. मग चेक काढून टाकला तरी चालतो.

इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) 'कॉन्करंटली'च, म्हणजे टेबलावरचं लेखन न अडवता बनवा. तो ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, आणि मध्येच फसला तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो: क्वेरीला त्याचा उपयोग नाही, प्रत्येक इन्सर्टवर भार मात्र पडतो. तो ड्रॉप करूनच पुन्हा सुरू करा.