बायबलमधलं एक अख्खं पुस्तक अभ्यासायचं तर सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या तुमच्या तरुण गटाला रोज एक अध्याय वाचून शेवटी काहीच लक्षात राहत नाही. साहजिक आहे. घडी घातलेल्या चादरीचा कोपरा बघून नक्षी कळत नाही.

मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूचं जीवन सांगणारं बायबलमधलं एक पुस्तक घ्या. १६ अध्याय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान. पहिल्यांदा एका बैठकीत वाचा, पेन्सिल न घेता. पुण्याच्या गाडीत बसलात तर दौंड यायच्या आत संपतं. (मोबाइल बॅगेत ठेवायचा, हे आलंच.) अध्यायांचे आकडे विसरा, ते १३व्या शतकात घातलेत, मूळ लेखकाचे नाहीत.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल. परत परत येणारे शब्द आणि शेजारी ठेवलेले प्रसंग खुणा करा. उदाहरणार्थ, आठवा अध्याय. बेथसैदाच्या आंधळ्याला येशू दोनदा हात लावतो. आधी त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात, मग स्पष्ट. लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, ‘तू ख्रिस्त आहेस’, आणि येशूच्या दुःखसहनाची गोष्ट निघताच त्यालाच येशूचं बोलणं पटत नाही. म्हणजे पेत्रालाही अजून अर्धवटच दिसतंय! तुकड्यातुकड्यानं वाचलं की हे हमखास निसटतं.

टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारी पुस्तकं, सगळ्यात शेवटी उघडा. आधी उघडलात तर गटात सगळे तेच बोलतात, हा माझा अनुभव. शक्य असेल तर पंडिता रमाबाईंचं बायबलचं मराठी भाषांतर तुमच्या नेहमीच्या बायबलशेजारी ठेवा. जिथे दोन्हीकडे शब्द वेगळा, तिथे थांबा.