नऊ पॉइंट नऊ आणि पंधरा : ब्लॉक एकच

प्रश्न : आमच्या होडीला यामाहाचं ९.९ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. परदेशात आउटबोर्ड होड्यांच्या शर्यती होतात, पण त्यांचे वर्ग सीसीवर (सिलिंडरच्या घनमापावर) ठरतात असं वाचलं. हॉर्सपॉवरवर का नाही? दुसरं, मार्च २०१६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हला पॉवरबोटींची शर्यत पाहिली. सगळ्या बोटी २८ फुटी, सगळ्यांना २५० हॉर्सपॉवर. सगळंच सारखं, तर शर्यत कसली?
— एक वाचक, देवगड

उत्तर : तुमच्या मशीनच्या कव्हरवर ९.९ लिहिलंय. त्याच्याच १५ हॉर्सपॉवरच्या भावंडाचं माप काढा, तेही २४६ सीसीच भरेल. कमी ताकदीच्या मशीनला हवा-पेट्रोलची वाट आवळून दिलेली असते, ती कुणीही रात्रीतून मोकळी करेल. कव्हरवरच्या आकड्यावर वर्ग बांधला तर पहिल्याच रविवारी फसवणूक होईल. सिलिंडरचं माप मात्र लपत नाही.

तरी नुसत्या सीसीने भागत नाही. टू-स्ट्रोकच्या एक्झॉस्ट पोर्टची, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकाची, वरची कड कानशीने जराशी घासली, की पोर्ट लवकर उघडतो आणि मशीन वरच्या आरपीएमला जोर धरतं. बाहेरून काही कळत नाही. म्हणून अमेरिकन पॉवर बोट असोसिएशनने सीसीच्या वर्गांवर आणखी विभाग केलेत. ‘स्टॉक’मध्ये मशीन कंपनीतून आलं तसंच हवं, ‘मॉडिफाइड’मध्ये ठरावीक फेरफार चालतात, आणि ‘प्रो’मध्ये मिथेनॉलचं इंधन नि ट्यून केलेले एक्झॉस्ट पाइप. स्टॉकमध्ये जिंकणाऱ्याचं इंजिन खोलून बोअर (सिलिंडरचा व्यास), पोर्टची उंची, हेडमधली जागा मोजतात. आयुष्यभर बंदरावर इंजिनं खोलत आलेल्या माझ्यासारख्याला हा नियम फार मोलाचा वाटतो. कानस चालवायला मोकळीक दिली, की ज्याच्याकडे पैसा आणि कारखाना त्याचीच शर्यत. जुनं मशीन घेऊन येणारा गडी दुसऱ्या हंगामात घरी बसतो.

आता ‘शर्यत कसली?’ याचं उत्तर जपानमध्ये बघा. तिथे १९५२ मध्ये नागासाकीजवळच्या ओमुराला अशा एकसारख्या बोटींच्या शर्यती सुरू झाल्या. सहा बोटी, ६०० मीटरच्या तीन फेऱ्या. मशीन आणि बोट दोन्ही स्टेडियमची, चिठ्ठी टाकून वाट्याला येतात. मॉडेल एकच, तरी दोन मशीनं कधीच तंतोतंत सारखी नसतात. कुठलं मशीन कितीदा पहिल्या दोघांत आलं, ते छापून जाहीर करतात. वाईट चिठ्ठी आली तर चालकाने स्वतः हाताने मशीन जुळवायचं, पंख्याची (प्रॉपेलरची) पाती ठोकून आकाराला आणायची. पूर्वी चालक आपले पंखे घेऊन यायचे. २०१२ पासून तेही बंद झालं, पंखा मशीनबरोबरच मिळतो. सुरुवात तर धावत्या बोटीतून: घड्याळाचा काटा शून्यावर आल्यापासून एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडायची. आधी गेलात तरी बाद, उशीर झाला तरी बाद! कोण किती धीटपणे त्या शून्याला भिडतो, पहिलं वळण कोण आतून कापतो, हे कुठल्याही इंजिनावर लिहिलेलं नसतं.

तुमचं मशीन सीसीच्या हिशोबाने आंतरराष्ट्रीय २५० सीसीच्या मर्यादेत बसतं. पण त्या ओ-२५० वर्गात खास शर्यतीसाठी बनवलेली इंजिनं धावतात, त्यांच्यापुढे मासेमारीचं मशीन टिकणार नाही. शर्यतीची हौस असेल तर कुणी बदल न करता धावायचे नियम लावतंय का, ते आधी विचारा.