चादरीवरचा मोर मोबाईलला का ओळखू येत नाही?

या वेळी तिन्ही प्रश्न सोलापूरचे आणि तिन्ही एआर-व्हीआरचे (एआर म्हणजे मोबाईलमधून खऱ्या जागेवर उभं राहिलेलं चित्र, व्हीआर म्हणजे हेडसेट घालून दिसणारं आख्खं खोटं जग). पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्यात करण्यासारखं खूप आहे.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र मिळून जुळे सोलापुरात एआर-व्हीआर गेम आणि डिजिटल आर्टचा छोटा स्टुडिओ चालू केलाय. सोलापुरी चादरीवर मोबाईल धरला की त्यातला मोर उठून नाचतो असं अ‍ॅप करायलोय. पण मोबाईल कधी ओळखतो, कधी नाही, आणि ओळखलं तरी मोर भलतीकडंच उभा राहतो. मोबाईल बदलून बघितले, लाइट वाढवून बघितली. कुठं चुकतंय?

उत्तर : कोड सोडा, अडचण चादरीतच आहे. इमेज ट्रॅकिंगला, म्हणजे कॅमेऱ्यातून चित्र ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, मोरबीर काही कळत नाही, ते कोपरे, टोकं, गडद-फिक्याच्या कडा असे बारीक बिंदू शोधतं आणि ते एकमेकांपासून कसे मांडलेत त्यावरून चित्र ओळखतं. आता चादरीत तोच मोर, तीच वेल, तोच काठ परत परत येतो, मग आपण यातल्या कुठल्या मोरासमोर आहोत हे मोबाईलला समजणार कसं? त्यात चादर मऊ, सुरकुत्या पडतात, आणि एआरकोरला (गूगलची एआरची यंत्रणा) चित्र सपाट लागतं, निदान १५ बाय १५ सेंटिमीटर, आणि पहिल्यांदा ओळखताना त्यानं कॅमेऱ्याची पाव फ्रेम तरी भरलेली असावी लागते. पलंगावर अंथरलेल्या चादरीकडून ही अपेक्षा करणं चादरीवर अन्याय आहे.

म्हणून चादरीला ट्रॅक करू नका, चादरीच्या पॅकिंगमधे जो पुठ्ठा किंवा लेबल असतं त्यावर एक वेगळं चित्र छापून घ्या, ज्यात कुठलाच भाग रिपीट होत नाही. छापायच्या आधी गूगलच्या arcoreimg टूलमधे ते टाकून बघा, ते ० ते १०० मधे मार्क देतं, ७५ च्या खाली आलं तर चित्र बदला, अ‍ॅपमधे डोकं घालू नका. ओरिजिनल फाइल ३०० बाय ३०० पिक्सेलपेक्षा लहान नको. लेबल ओळखलं की मग साधं प्लेन डिटेक्शन (सपाट जागा ओळखणं) वापरून मोर शेजारी पसरलेल्या चादरीवर उतरवता येतो, बघणाऱ्याला वाटतं चादरीतूनच आला.

पण खरं सांगू का, नाचणारा मोर दोनदा बघितला की माणूस मोबाईल खिशात टाकतो. तुमच्या शहरात याहून भारी माल पडून आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधे जोसेफ मारी जकार्डनं जो माग केला त्यात भोकं पाडलेली कार्डं लागायची, एक कार्ड म्हणजे बाण्याच्या आडव्या धाग्याची एक ओळ, भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. हीच भोकाची आयडिया पुढं कॉम्प्युटरच्या पंचकार्डात गेली. आणि त्या कार्डाच्या आधी डिझायनर आलेख कागदावर एकेक चौकोन भरून नक्षी काढतो, म्हणजे तुम्ही ज्याला पिक्सेल आर्ट म्हणता ते शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत कधीपासून चालू आहे! इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं तिथं कार्डं लागत नाहीत, मग जुनी कार्डं, जुने आलेख यांचं काय होतं ते जाऊन विचारा. मालकाची परवानगी घेऊन ते स्कॅन करा, प्रत्येक चौकोनाचा ब्लेंडरमधे (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) एक ठोकळा करा, आणि व्हीआरमधे माणसाला त्या ताण्याबाण्याच्या मधोमध उभं करा, एकेक कार्ड पुढं सरकतंय आणि डोक्याएवढे जाड धागे वर-खाली होतायत. असं काम मला कुठल्याही मोठ्या शहरातल्या स्टुडिओपेक्षा सोलापूरच्या तिघांनी केलेलं बघायचंय. आवाज मात्र खऱ्या मागाचा रेकॉर्ड करा, नेटवरचा नको.

आणखी एक. विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड तर आहेच. मराठीबरोबर या दोन्ही भाषांचा आवाज पहिल्यापासून ठेवा, नंतर घालतो म्हटलं की ते राहूनच जातं.

प्रश्न : स्टुडिओसाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? फुकटवाल्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : ब्लेंडर आणि गेम बनवायचं गोडो दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, बिनधास्त वापरा. युनिटी हेही गेम बनवायचंच सॉफ्टवेअर, त्यावर शिकायला मटेरियल जास्त मिळतं, पण २०२३ च्या सप्टेंबरमधे त्यांनी गेम इन्स्टॉल होईल तसे पैसे घ्यायची स्कीम जाहीर केली, जगभर ओरड झाली आणि वर्षभरानं ती गेम्ससाठी रद्द केली. मेटानं तर स्पार्क एआर हे फिल्टर बनवायचं टूल १४ जानेवारी २०२५ ला बंदच केलं, ज्यांचं पोट इन्स्टाग्राम फिल्टरवर होतं त्यांचं काम एका तारखेला संपलं. उलट गूगलनं टिल्ट ब्रश हे व्हीआरमधे चित्र काढायचं अ‍ॅप थांबवलं पण २०२१ मधे त्याचा कोड खुला केला, त्यातून ओपन ब्रश झालं आणि ते आजही चालतं. म्हणून फुकट की विकत हे नंतर बघा, आधी विचारा की कंपनीनं उद्या दुकान बंद केलं तर माझ्या हातात काय राहील. मॉडेल्स जीएलटीएफ या खुल्या फाइल फॉरमॅटमधे सेव्ह करत जा, हेडसेटसाठी ओपनएक्सआर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेडसेटवर चालणारं खुलं स्टँडर्ड धरून लिहा.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत (जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा) व्हीआरचा स्टॉल टाकायचा विचार आहे, रोलर कोस्टर ठेवावं म्हणतोय. चालेल का?

उत्तर : स्टॉल टाका, रोलर कोस्टर नको. डोळे सांगतात आपण खाली कोसळतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की खुर्चीत बसलोय, या भांडणात मळमळतं, आणि पोटात गड्ड्यावरची भजी असतील तर विचारूच नका. माणूस एका जागी बसलेला आणि आजूबाजूचं जगही जागच्या जागी असं काहीतरी करा, जसं की सिद्धेश्वर तलावाच्या मधोमध बसल्यासारखं, सभोवती पाणी, पलीकडं किल्ल्याची भिंत. तीन-चार मिनिटं पुरे. फ्रेमरेट सेकंदाला ७२ च्या खाली जाऊ देऊ नका, दिसायला थोडं साधं चालेल पण अडखळलेलं चालत नाही.

गर्दीत मोबाईल नेटवर्क रांगतं, म्हणून सगळं हेडसेटमधेच डाउनलोड करून न्या. बॅटरी दोन-तीन तासच टिकते, एक हेडसेट चार्जिंगला आणि एक चालू असं चक्र लावावं लागेल. चेहऱ्याला लागतो तो फोम प्रत्येकानंतर पुसायचा, कापडी असेल तर तो काढून त्याजागी पुसता येईल असा बसवा. एक माणूस कायम शेजारी उभा पाहिजे, हेडसेट घातलेल्याला समोरचा टेबल दिसत नाही. मेटाच्या हेडसेटच्या नियमात वयाची मर्यादा १० वर्षं आहे, त्याहून लहान पोरगं हट्ट करत असेल तर त्याला टॅबवर एआर दाखवा, आईवडिलांशी वाद घालत बसू नका. आणि हेडसेट उन्हात भिंगं वर करून टाकून चहाला जाऊ नका, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो, जानेवारीचं कोवळं ऊन असलं तरी.