टेन्शनरसाठी कर्ज काढण्याआधी कोपऱ्याचे खांब बघा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. बाराशे मीटर घेराचं तारेचं कुंपण, चारशे मीटरच्या दोन बाजू, दोनशेच्या दोन, त्यातल्या एका आखूड बाजूवर फाटक. अडीच मिलिमीटर जाडीच्या हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या तारेच्या पाच ओळी. कुंपण दोन वर्षांचं आहे आणि तारा ढिल्या पडल्या आहेत. विक्रेत्याने सुचवलं आहे की दर पन्नास मीटरला प्रत्येक तारेवर एक रॅचेट टेन्शनर (तार गुंडाळून ताणायचं दातेरी चाक) आणि एक स्प्रिंग बसवा, म्हणजे 120 टेन्शनर आणि 120 स्प्रिंगा, शिवाय दहा वर्षांची ‘ताण हमी योजना’. वाचकाचा प्रश्न सरळ आहे: यासाठी मुदत ठेव मोडू, की विक्रेताच मिळवून देतोय ते पाच वर्षांचं 10 टक्क्यांचं कर्ज घेऊ?

रकमा इथे छापत नाही. विक्रेत्याचं एकूण कोटेशन 100 धरतो, बाकी सगळं त्याच मापात. टेन्शनर 30, स्प्रिंगा 25, मधले जादा खांब 8, मजुरी 12, हमी योजना 25. ठेव आहे 60 ची, घरखर्च महिन्याला 8. आगाऊ म्हणून 6 भरून झालेत.

विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो. कर्ज नको. 10 टक्के हा फ्लॅट दर आहे. शंभरावर वर्षाला 10 प्रमाणे पाच वर्षांचं 50 व्याज, म्हणजे 150 भागिले 60, महिन्याला अडीचचा हप्ता. अडीच वर्षांनी निम्मं मुद्दल फिटलेलं असेल, तरी व्याज पूर्ण शंभरावरच चालू राहील. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर 17 टक्क्यांच्या वर जातो. ठेवीवर तुम्हाला 6 टक्के मिळतात. सहाची ठेव जपायला सतराचं कर्ज काढायचं, आणि त्याला ‘ठेवीला हात लावला नाही’ म्हणायचं, हा हिशेब मला कधीच कळलेला नाही.

पण तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात, जाता जाता आलं आहे: ‘कोपऱ्याचे खांब चार बोटं आत झुकलेत, पण ते मजबूत आहेत असं विक्रेता म्हणतो.’ झुकलेला खांब मजबूत असेलही, मोडलेला नाही एवढ्याच अर्थाने. तुमचं कुंपण ढिलं पडण्याचं कारण तिथे आहे, आणि त्या कारणावर शंभरातला एकही पैसा खर्च होणार नाहीये.

तार ही लांबलचक स्प्रिंगच असते. अडीच मिलिमीटरच्या तारेला साधारण 100 किलोचा ताण दिला की ती दर शंभर मीटरला 10 सेंटिमीटर लांबते. दोनशे मीटरच्या बाजूवर 20 सेंटिमीटर, चारशेवर 40. ताण टिकतो तो या लांबलेल्या सेंटिमीटरांवर. आता दोन्ही टोकांचे खांब चार चार बोटं, म्हणजे सात सात सेंटिमीटर आत आले. चौदा गेले. फाटक नसलेल्या आखूड बाजूवर वीसातले चौदा, म्हणजे वरच्या तारेत तीसेक किलोच उरले. लांब बाजूवर चाळीसातले चौदा गेले, तिथे 65 तरी शिल्लक आहेत. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आखूड बाजू जास्त ढिली आहे आणि वरच्या दोन तारा खालच्यांपेक्षा जास्त लोंबतात. खांब झुकला की नेमकं असंच दिसतं, कारण खांबाचा माथा जास्त सरकतो, बुंधा कमी. पाचही तारा सारख्याच सैल असत्या तर टोकाच्या गाठी किंवा क्रिंप (तार दाबून जोडणाऱ्या नळ्या) सरकल्याचा संशय घेतला असता. एकच तार सैल असती तर त्या तारेवर काय पडलं ते शोधलं असतं.

विक्रेता उन्हाला दोष देतो. तापमान 30 अंशांनी वाढलं तर दोनशे मीटर तार सात सेंटिमीटर वाढते, ताण पस्तीसेक किलोने उतरतो. हे खरं आहे. पण गारठा आला की तेवढाच ताण परत चढतो. तुमच्या तारा बारा महिने ढिल्या आहेत.

कोपऱ्यावर काय भार येतो तोही बघा. पाच तारा, प्रत्येकी 100 किलो, म्हणजे एका बाजूने 500. दुसऱ्या बाजूने काटकोनात आणखी 500. दोन्ही मिळून खांब आतल्या दिशेला सुमारे 700 किलोने ओढला जातो, रात्रंदिवस. नुसता पुरलेला खांब हे पेलत नाही, काँक्रीट ओतलं तरी नाही. ओल्या जमिनीत तो काँक्रीटच्या गोळ्यासकट कलतो. आणि 120 टेन्शनर फिरवून तुम्ही हीच ओढ वाढवणार. झुकलेला खांब आणखी झुकेल, तार पुन्हा सैल पडेल, पुन्हा रॅचेट फिरवाल. दोन-तीन वर्षांत खांब उपटेल, आणि हप्ते तेव्हाही चालूच असतील.

कोपऱ्याला लागते ती एच आकाराची चौकट. कोपऱ्याचा खांब मीटरभर तरी खोल, त्याच्यापासून कुंपणाच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरावर दुसरा खांब, दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला आडवी दांडी. मग तिरकी तार, आणि चूक होते ती इथेच: ही तार कोपऱ्याच्या खांबाच्या बुंध्यापासून दुसऱ्या खांबाच्या माथ्याकडे जायला हवी. उलटी बांधली तर ती काहीच धरत नाही, दिसायला मात्र अगदी तशीच दिसते. दुहेरी तार घेऊन मध्ये दांडकं घालून पीळ द्यायचा. कोपरा असेल तर दोन्ही दिशांना एकेक चौकट, म्हणजे चार कोपऱ्यांना आठ. तुमच्याकडे सध्या नुसते तिरपे टेकू आहेत, तेही आखूड आणि उभट. असा टेकू खांबाला अडवण्याऐवजी खालून उचलतो. एखाद्या कोपऱ्याच्या बुंध्याशी माती फुगलेली किंवा भेगाळलेली दिसते का, बघून घ्या.

एवढं झालं की टेन्शनर लागतीलच, मी त्यांच्या विरोधात नाही. उत्तम वस्तू आहे: दातेरी चाक, अडकवणारा खटका, तार गुंडाळायचा रूळ, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पण सरळ, सपाट ओळीत चारशे मीटरच्या तारेलाही एक पुरतो. तो मधोमध बसवायचा, कारण प्रत्येक खांबाशी घर्षणात थोडा ताण खर्ची पडतो आणि मधून ओढलं की दोन्हीकडे सारखा पोचतो. फाटकामुळे तुमचे पाच तुकडे होतात, पाच ओळी, एकूण 25 टेन्शनर. लांब बाजूला जमीन खूप वरखाली असेल तर तिथे दोन-दोन धरा, आणखी दहा. 120 कुठून आले? बाराशे भागिले पन्नास गुणिले पाच. हा विक्रीचा गुणाकार आहे. उलट दर पन्नास मीटरला तार बांधून टाकली की त्या तुकड्यात लांबलेले सेंटिमीटर पाचच उरतात, म्हणजे मधला एखादा खांब तीन बोटं हलला की तुकडा पूर्ण ढिला.

स्प्रिंगांचंही तसंच. जनावराची धडक किंवा पडलेली फांदी सोसायला आणि ताण किती आहे ते नजरेने कळायला स्प्रिंग चांगली. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या तारेवर एक, एकूण पाच. बाकी 115 शोभेच्या.

टेन्शनर फिरवण्याआधी मधल्या खांबांवरचे यू खिळे तपासा. ते तारेवर घट्ट ठोकलेले असतील तर ताण पुढे जातच नाही, आणि तारेवरचं जस्त खरवडून गंज तिथूनच सुरू होतो. खिळा तार सरकेल इतका मोकळा हवा. रुळावर दोन-तीन वेढे पुरेत. खटका दात्यात नीट बसल्याशिवाय हँडल सोडू नका. चष्मा आणि हातमोजे घाला, ताणलेल्या तारेच्या रेषेत उभं राहू नका.

आता हमी योजना, जिने मला सर्वात जास्त चीड आणली. 25 आगाऊ, दहा वर्षांसाठी. तुम्ही पाठवलेल्या अटींत वगळलेलं काय आहे ते वाचा: खांब हलणे, जमीन खचणे, जनावरांची धडक, झाड किंवा फांदी पडणे. तार ज्या कारणांनी ढिली पडते ती जवळजवळ सगळी बाहेर. उरलं काय, तर यंत्र मोडणं. एक टेन्शनर पाव एककाला पडतो. योजनेचा वर्षाचा भाव अडीच, म्हणजे दहा टेन्शनर. पंचवीसातले दहा दरवर्षी मोडणार असतील तर योजना घ्या. पण मग असले टेन्शनर कशाला घेताय?

तारा ताणल्या की नुकसान टळून ‘वर्षाला 15 वाचतील’ ही तुमची आशाही तपासू. तुम्ही जोडलेल्या नुकसानीच्या नोंदींत निम्म्याहून जास्त वेळा जनावरं फाटकातून शिरली आहेत, कारण कडी लागत नाही. म्हणजे तारांमुळे वाचतील फार तर 7. कर्जासह 150 खर्चून 7 वाचवायचे, वसुलीला एकवीस वर्षं. आणि कडी का लागत नाही? फाटकाच्या खांबांनाच तारा बांधल्यात, आणि तेही ओढीने कललेत. तिथे दोन चौकटी आणखी हव्यात. त्या केल्या तर पंधरा वाचण्याची गोष्ट करता येईल, आत्ता नाही.

तर खर्च असा. कोपऱ्यांच्या दुरुस्तीला कुंपणवाल्याने तुम्हाला 18 सांगितले होते आणि ‘महाग’ म्हणून तुम्ही त्याला परत पाठवलंत, त्याला बोलवा. फाटकाच्या दोन चौकटी त्याच भावाने साडेचार, 5 धरा. 25 टेन्शनर 6, स्प्रिंगा 1. एकूण 30. हे ठेवीतून द्या. 30 उरतात, चार महिन्यांच्या घरखर्चाला थोडे कमी, म्हणून ती जागा लगेच भरायला लागा: जो अडीचचा हप्ता भरायची तुमची तयारी होती तोच दरमहा ठेवीत टाका. वर्षभरात ठेव पुन्हा साठवर येईल.

कुंपणवाल्याला पैसे तीन टप्प्यांत. चौकटी उभ्या राहिल्यावर, तारा ताणल्यावर, आणि शेवटचा हिस्सा महिन्याने. त्या महिन्यात प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाच्या माथ्याला एक खिळा आणि कुंपणापासून दूर पक्की खुंटी, दोघांत दोरीने अंतर मोजून ठेवा. सेंटिमीटरहून जास्त सरकला तर चौकट चुकली, आधी दुरुस्ती मग पैसे. ताण मोजायला साधा तानकाटा चालतो: खांबांमध्ये पाच मीटर अंतर असेल आणि तार खिळ्यांतून मोकळी सरकत असेल, तर मधोमध 5 किलोने ओढल्यावर ती सहा सेंटिमीटर हलायला हवी. बारा हलली तर ताण निम्मा आहे. तीन आठवड्यांनी एकदा मोजा, कारण नव्या गाठी आणि खांब बसायला तेवढा वेळ घेतात. मग वर्षातून एकदा पुरे.

राहिले आगाऊ दिलेले 6. विक्रेत्याला आजच लेखी कळवा की कर्ज, हमी आणि मधले खांब नकोत, आगाऊ रकमेत 25 टेन्शनर द्या. भाव त्याच्याच कोटेशनमधला आहे, म्हणून नाही म्हणायला त्याला जागा कमी. दिले तर ठेवीतून काढायचे 30 तेवढ्याने कमी होतील. तो अडला तर सहासाठी उरलेले 94 देऊ नका.